ज्वालामुखी शांत असतो की उद्रेक शांत असतो?

स्ट्रॅटोव्होल्कॅनो स्फोटक का असतात, या प्रश्नाचं परीक्षेतलं उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. सिलिका जास्त, म्हणून शिलारस चिकट, म्हणून वायू अडकतो, म्हणून स्फोट. उलट बाजूला हवाईसारखे ढालीच्या आकाराचे ज्वालामुखी: सिलिका कमी, शिलारस पातळ, वायू सहज सुटतो, लाव्हा शांतपणे वाहतो. दोन रकाने, चार बाण, पूर्ण मार्क.

आता समजा पीएच.डी.च्या मुलाखतीत समोरच्या मॅडमनी विचारलं, "बरं, मग एकाच डोंगरातून, जवळजवळ एकाच रासायनिक घडणीचा शिलारस एकदा २४ किलोमीटर उंच राखेचा खांब उभा करतो आणि एकदा तीन वर्षं गुपचूप दगड बाहेर ढकलत बसतो, हे कसं?" तुमचे चारही बाण इथे निकामी. सिलिका बदललेली नाही आणि तरीही वागणं बदललंय.

हा प्रश्न कुणी कधी आणि का विचारला, त्याचं उत्तर कसं बदलत गेलं, याचा इतिहास मला स्वतःला उत्तराइतकाच उपयोगी वाटतो. संशोधनाची तयारी करताना आपण निष्कर्ष वाचतो. तो निष्कर्ष आधी कशावर आपटून फुटला होता, ते वाचायचं राहून जातं.

खरं तर पुरावा नावातच होता. स्ट्रॅटो म्हणजे थरांचा. असा डोंगर कापून पाहिला तर राखेचा थर, त्यावर लाव्हाचा, पुन्हा राख, पुन्हा लाव्हा असं दिसतं. राख स्फोटातून येते, लाव्हा शांत उद्रेकातून. म्हणजे हा डोंगर मुळात दोन्ही प्रकारांनी बांधलेला आहे. तरीही बराच काळ विचार झाला तो ज्वालामुखीच्या 'स्वभावा'चा. उद्रेकांच्या प्रकारांना दिलेली नावं बघा. व्हल्केनियन हे नाव इटलीतल्या व्हल्कानो बेटाच्या १८८८ ते १८९० च्या उद्रेकावरून ज्युसेप्पे मेरकाल्ली यांनी रूढ केलं. स्ट्रॉम्बोलियन, हवाईयन, पेलियन ही नावंही अशीच गावांवरून पडली. नाव गावावरून पडलं की स्वभावही त्या गावाचाच वाटायला लागतो, अमुक ज्वालामुखी म्हणजे अमुक तऱ्हा. वर्गीकरण सोयीचं होतं, वाईट नव्हतं. पण एका डोंगराच्या अंगी दोन तऱ्हा असू शकतात हे या पद्धतीत नीट बसत नाही.

आणि ज्या डोंगरावरून 'पेलियन' हा शब्द आला, त्यानेच ते दाखवून दिलं होतं. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावरच्या माँ पेलेमधून ८ मे १९०२ रोजी तप्त राख, वायू आणि दगडांचा ढग उतारावरून खाली आला आणि सेंट पिअर शहर काही मिनिटांत संपलं. साधारण २८ हजार माणसं गेली. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड लाक्रोआ त्यानंतर तिथे पोचले आणि बराच काळ राहून निरीक्षणं केली. त्यांच्या १९०४ च्या ग्रंथातून अशा ढगाला 'न्यूए आर्दांत', म्हणजे जळता ढग, हे नाव रुजलं. पण लाक्रोआंनी आणखी एक गोष्ट पाहिली. त्याच विवरातून नंतर घट्ट लाव्हाचा एक सुळका हळूहळू वर आला आणि १९०३ मध्ये ३०० मीटरच्या आसपास उंच झाला. जळणारा ढग आणि मुंगीच्या पावलांनी वर येणारा दगडी सुळका, दोन्ही एकाच तोंडातून आणि वर्षभराच्या आत. निरीक्षण पक्कं होतं. 'का' याचं उत्तर द्यायला लागणारी साधनं अजून तयार व्हायची होती.

मधली सत्तर वर्षं मी पटकन ओलांडतो. एवढंच सांगायला हवं की ३० मार्च १९५६ ला कामचाटकातल्या बेझिम्यान्नीचा स्फोट वरच्या दिशेने न होता एका बाजूला झाला आणि गिओर्गी गोर्शकोव्ह यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. ते पुढे लागणार आहे.

आता सेंट हेलेन्स. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला हा डोंगर १९८० पूर्वी सुबक शंकूसारखा, बर्फाच्छादित, सहलीचं ठिकाण होता. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले ड्वाइट क्रँडेल आणि डोनल मुलिनो यांनी त्याच्या पायथ्याचे राखेचे आणि चिखलाच्या लोंढ्यांचे थर वर्षानुवर्षं मोजले आणि १९७८ मध्ये इशारा दिला की हा ज्वालामुखी पुन्हा उसळेल, कदाचित हे शतक संपण्याआधीच. दोनच वर्षांत ते खरं ठरलं.

मार्च १९८० मध्ये भूकंप सुरू झाले. २७ मार्चला वाफेचे स्फोट. मग डोंगराची उत्तर बाजू फुगायला लागली, दिवसाला दीड-दोन मीटर या वेगाने. शिलारस डोंगराच्या पोटात घुसला होता, बाहेर मात्र आला नव्हता. १८ मे, सकाळी ८ वाजून ३२ मिनिटं: ५.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि ती फुगलेली अख्खी बाजू घसरली. सुमारे अडीच घन किलोमीटर डोंगर खाली गेला. माणसाने नोंदवलेली ही सर्वांत मोठी दरड. वरचं ओझं एकदम निघाल्यावर पोटातला शिलारस बाजूने फुटला, जसं बेझिम्यान्नीला झालं होतं तसंच, आणि जवळपास ६०० चौरस किलोमीटरमधलं जंगल आडवं झालं. त्यानंतर खोलवरचा ताजा शिलारस येत राहिला आणि राखेचा खांब नऊ तास उभा होता. ५७ माणसं मेली. डोंगराची उंची ४०० मीटरने कमी झाली.

त्या सत्तावन्नांत डेव्हिड जॉन्स्टन होता. वय ३०, ज्वालामुखीय वायूंवर काम करणारा. लोकांना डोंगरापासून लांब ठेवा, असा आग्रह धरणाऱ्यांपैकी तो एक. विवरापासून १० किलोमीटरच्या आसपास एका डोंगरधारेवरच्या निरीक्षण ठाण्यावर तो एकटाच होता. स्फोट झाल्याचा त्याचा रेडिओवरचा निरोप आला आणि नंतर काहीच नाही. आधीचे दोन आठवडे त्या ठाण्यावर हॅरी ग्लिकेन नावाचा संशोधक विद्यार्थी बसला होता. त्याला कॅलिफोर्नियात आपल्या प्राध्यापकांना भेटायला जायचं होतं, म्हणून त्याच्या जागी जॉन्स्टन थांबला. ग्लिकेनचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

१८ मे बद्दल सगळे लिहितात. माझ्या मते शास्त्राच्या दृष्टीने जास्त मोलाचा काळ त्याच्यानंतरचा आहे. त्या उन्हाळ्यात डोंगराने अक्षरशः आलटूनपालटून दोन्ही गोष्टी केल्या. १२ जूनला स्फोट, मग विवरात लाव्हाचा छोटा घुमट, म्हणजे डोम. २२ जुलैच्या स्फोटाने तो उडवला. ऑगस्टमध्ये पुन्हा स्फोट, पुन्हा डोम. तोही ऑक्टोबरच्या मध्यात उडाला. १८ ऑक्टोबरला जो डोम सुरू झाला तो मात्र टिकला आणि १९८६ पर्यंत थांबत थांबत वाढत राहिला. दगडाचं नाव डेसाइट, त्यात सिलिका ६३-६४ टक्के. मग २३ सप्टेंबर २००४ ला पुन्हा भूकंपांची मालिका सुरू झाली. सुरुवातीला थोडे वाफ-राखेचे स्फोट झाले आणि पुढे जानेवारी २००८ पर्यंत नुसता घट्ट दगड बाहेर येत राहिला. देवमाशाच्या पाठीसारखे गुळगुळीत, ओरखडे उठलेले सुळके. एकूण सुमारे ९.३ कोटी घनमीटर. त्यात सिलिका किती? ६५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाठ केलेल्या उत्तरानुसार उलट किंचित जास्त स्फोटक व्हायला हवा होता!

तर मग फरक कशात? वायूत, हे बरोबर आहे. पण 'वायू किती आहे' यापेक्षा 'वायूला बाहेर पडायला वाट आणि वेळ मिळाला का' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

इथे एक छोटं गणित करून बघा, कागदावर पाच मिनिटांचं काम आहे. प्रयोगशाळेत दगड पुन्हा दाबाखाली तापवून केलेल्या अभ्यासांतून असं दिसलं की १८ मेचा शिलारस निघण्यापूर्वी साधारण ८ किलोमीटर खोलीवर होता आणि त्याच्या वितळलेल्या भागात वजनाने ४.६ टक्के पाणी विरघळलेलं होतं. एक घनमीटर वितळलेला भाग धरा, वजन साधारण २३०० किलो. त्यात पाणी झालं १०५ किलोच्या पुढे. आदर्श वायूचं समीकरण लावून ९०० अंश सेल्सिअस आणि जमिनीवरच्या दाबाला त्याची वाफ किती होते ते काढा. साडेपाचशे घनमीटरच्या वर जाते. एका घनमीटरमधून साडेपाचशे! एवढी वाफ दगडातच अडकून वर आली तर दगडाचं पीठ होणारच. आणि न अडकता येत असेल, तर ती कुठेतरी वाटेत गेली असली पाहिजे.

सोड्याच्या बाटलीचं उदाहरण सगळे देतात, मला ते अर्धंच पटतं. सोड्यातून वायू गेला तरी सोडा पातळच राहतो. शिलारसातून पाणी गेलं की तो प्रचंड घट्ट होतो. पिठलं आठवा. आमटी उकळते तेव्हा बुडबुडे बिनबोभाट फुटतात. पिठलं घट्ट होत आलं की तेच बुडबुडे फट्कन फुटून हातावर चटके देतात. शिलारस वर येताना आमटीचं पिठलं होत जातं. आता शर्यत लागते: घट्ट होण्याआधी वायू निसटला तर शांत, वायू आत असतानाच घट्ट झाला तर स्फोट. शर्यतीचा निकाल मुख्यतः वर येण्याच्या वेगावर ठरतो.

हे म्हणायला सोपं आहे. आठ किलोमीटर खोलीवरून काही वर्षांपूर्वी वर आलेल्या दगडाचा वेग मोजायचा कसा? मला या विषयातलं सर्वांत देखणं काम इथे दिसतं. रदरफर्ड आणि हिल या दोघांनी १९९३ च्या त्यांच्या शोधनिबंधात हॉर्नब्लेंड या खनिजाला घड्याळ बनवलं. हॉर्नब्लेंडच्या रचनेत पाणी असतं, त्यामुळे शिलारसात पुरेसं पाणी विरघळलेलं असेल तोवरच ते सुखी असतं. वर येताना दाब कमी होतो, पाणी शिलारस सोडून जातं आणि हॉर्नब्लेंड कडेने बिघडायला लागतं. स्फटिकाभोवती बारीक दाण्यांची एक किनार तयार होते. वाट जितकी लांबली, तितकी किनार जाड. किनार किती दिवसांत किती वाढते हे त्यांनी भट्टीत प्रयोग करून ठरवलं आणि मग सेंट हेलेन्सचे दगड मायक्रोस्कोपखाली लावले. १८ मेच्या प्युमिसमध्ये किनार नाहीच, स्फटिकांच्या कडा स्वच्छ. म्हणजे शिलारस अवघ्या काही दिवसांत वर आला. नंतरच्या डोमच्या दगडांत किनारी दिसतात, म्हणजे प्रवास रेंगाळत झाला. खालचा शिलारस तोच. एक धावत आला, एक रमतगमत. थिन सेक्शनमधल्या मायक्रॉनच्या मापाच्या किनारीवरून उद्रेकाचा वेग!

पण वायू निसटला तो नेमका कुठून? हा वेगळा प्रश्न आणि इथे भांडण आहे. १९८६ मध्ये जॉन आयकेलबर्गर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये मांडलं की वर येताना शिलारसाचा फेस होतो, बुडबुडे एकमेकांना जोडले जातात, त्यांतून आरपार वाटा तयार होतात आणि वायू नळीच्या भिंतींतून बाजूच्या खडकांत निघून जातो. वायू गेला की फेस बसतो आणि घट्ट लाव्हा उरतो. कल्पना साधी आणि ताकदवान होती. शंका अशी की फेस इतका पूर्ण कसा बसतो? बुडबुड्यांच्या खुणा जवळजवळ पुसून जाव्यात, इतका? २००३ मध्ये गोन्नरमान आणि मँगा यांनी उलटच शक्यता दाखवली: शिलारस नळीच्या कडेला तुटतो, भेगा पडतात, वायू त्या भेगांतून जातो आणि भेगा पुन्हा सांधतात. म्हणजे शिलारस तुटला तरी स्फोट होईलच असं नाही. आपल्या पाठ केलेल्या उत्तरात 'तुटणं' आणि 'स्फोट' हे एकच धरलेलं असतं. इथे ते दोन झाले.

मग चिलीने सगळ्यांना प्रत्यक्षच दाखवलं. पुयेहुए या स्ट्रॅटोव्होल्कॅनोच्या शेजारच्या कोर्दोन काउये या भेगांच्या रांगेत ४ जून २०११ ला उद्रेक सुरू झाला, आधी जोरदार स्फोटक. काही दिवसांनी त्याच तोंडातून ऑब्सिडियनचा लाव्हाही वाहायला लागला, आणि स्फोट थांबले नाहीत! २०१२ च्या सुरुवातीला तिथे गेलेल्या शास्त्रज्ञांनी एकाच वेळी राख उडताना आणि लाव्हा सरकताना पाहिला. 'आधी हे, मग ते' नाही, तर दोन्ही शेजारी शेजारी. २०२० मध्ये फॅबियन वॉड्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी यावरून बरंच धाडसी म्हणणं मांडलं. खाली सगळंच स्फोटक असतं. तुटलेली तप्त राख नळीच्या भिंतींना चिकटते, भट्टीत माती भाजून एकजीव व्हावी तशी एकमेकींत मिसळून पुन्हा घट्ट होते, तोंड बुजवत आणते आणि तोच एकजीव झालेला गठ्ठा 'शांत' लाव्हा म्हणून बाहेर सरकतो. १९८६ चं चित्र पार उलटं. माझं मत विचाराल तर ऱ्हायोलाइटसाठी हे फार पटण्यासारखं आहे, पण सेंट हेलेन्सच्या डेसाइटला ते जसंच्या तसं चिकटवू नये. तो दगड स्फटिकांनी गच्च भरलेला होता. २००४ ते २००८ मध्ये तर बाहेर पडणारा वायूही फार कमी होता, आणि शिलारस वरच्या टप्प्यात येण्याआधीच बराचसा वायू गमावून बसला होता असा त्याचा अर्थ लावला गेला. एका गुणधर्माची दोन कारणं असू शकतात.

आता ग्लिकेन. जॉन्स्टनच्या मृत्यूनंतर त्याने ती दरड हाच आपल्या प्रबंधाचा विषय केला. डोंगराचा कुठला तुकडा कुठे जाऊन पडला याचा त्याने तपशीलवार नकाशा केला. जगात इतरत्र अशा जुन्या दरडी ओळखायला त्या कामाचा मोठा उपयोग झाला. पुढे तो जपानमध्ये काम करू लागला. मे १९९१ मध्ये तिथल्या उन्झेन ज्वालामुखीवर लाव्हाचा डोम यायला लागला, वर्गीकरणानुसार 'शांत' उद्रेक. पण डोम उताराच्या तोंडावर होता आणि त्याचे तप्त कडे कोसळून राख-दगडांचे लोंढे दरीत उतरत होते. ३ जून १९९१ ला त्यातला एक नेहमीपेक्षा मोठा निघाला. ४३ जण मेले. बरेचसे पत्रकार आणि अग्निशमन दलाचे स्वयंसेवक, त्यांच्यासोबत फ्रान्सचे काटिया आणि मोरिस क्राफ्ट, आणि हॅरी ग्लिकेन. त्याचं सेंट हेलेन्सवरचं काम सर्वेक्षणाने १९९६ मध्ये, त्याच्या मागे, छापलं.

म्हणून 'शांत' हा शब्द मी अवतरणात टाकतो. उद्रेक शांत म्हणजे शिलारस तुटत नाहीये, एवढंच. खाली उभ्या असलेल्या माणसाला त्यातून काही आश्वासन मिळत नाही.

आणि शांत उद्रेक स्फोटक कधी होईल, हा तर रोजचा प्रश्न आहे. जावामधल्या मेरापीवर लोक पिढ्यान्‌पिढ्या डोम आणि त्याचे कोसळणारे कडे बघत आलेत. २०१० मध्ये मात्र २६ ऑक्टोबरला सुरुवातच स्फोटाने झाली. त्यानंतर उपग्रहांच्या रडार प्रतिमांत डोम नेहमीच्या कितीतरी पट वेगाने वाढताना दिसला. वेग वाढला म्हणजे वायूला निसटायला वेळ कमी, हा वर सांगितलेलाच हिशोब. इंडोनेशियाच्या शास्त्रज्ञांनी धोक्याचं वर्तुळ वाढवत २० किलोमीटरवर नेलं, आणि ५ नोव्हेंबरला मध्यरात्रीनंतर सर्वांत मोठा स्फोट झाला. साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. वर्तुळ वेळेत वाढवल्यामुळे दहा ते वीस हजार जीव वाचले असावेत, असा अंदाज नंतरच्या अभ्यासात दिला आहे.

आपल्याकडे काय, असं कुणीतरी विचारणारच. भारतातला सक्रिय स्ट्रॅटोव्होल्कॅनो म्हणजे अंदमान समुद्रातलं बॅरन बेट. दीडेकशे वर्षांच्या विश्रांतीनंतर ते १९९१ मध्ये जागं झालं. महाराष्ट्रातला दख्खनचा बेसॉल्ट मात्र या गोष्टीतला नाही. तो भेगांमधून आलेला, सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास, स्ट्रॅटोव्होल्कॅनोचा नव्हे. पण पुण्या-नाशकाकडच्या खाणींत जिओलाइटने भरलेल्या ज्या पोकळ्या दिसतात, ते वायूचे थिजलेले बुडबुडेच आहेत. मी सध्या त्यांचेच आकार मोजतोय, त्यामुळे थोडा पक्षपात समजून घ्या. सेंट हेलेन्सवर काम करणाऱ्यांनी जे प्रश्न विचारले, ते या बुडबुड्यांनाही विचारता येतात: जोडलेले आहेत का, ताणलेले आहेत का, कुणाच्या भिंती फुटल्यात.

वाचायला सुरुवात करायची असेल तर २०२० च्या निबंधापासून करू नका, त्यातलं भांडणच कळणार नाही. आधी १९८६ चा वाचा. मोजकीच पानं आहेत. मग १९९३ च्या हॉर्नब्लेंडच्या निबंधातले मायक्रोस्कोपचे फोटो, मजकुराआधी, आणि शक्य असेल तर तुमच्या विभागातल्या कपाटातून कुठल्याही अँडेसाइटची किंवा डेसाइटची एखादी थिन सेक्शन मागून घ्या. हॉर्नब्लेंड शोधा आणि त्याची कड बघा.